पोथीचा तास

लोक मला अजून नव्या कादंबऱ्या आणून देतात. बाई शिक्षिका होत्या, वाचायची आवड आहे, तेव्हा पुस्तक द्यावं, असा त्यांचा सरळ विचार. मी घेते, बरं म्हणते आणि कपाटात ठेवून देते. नवी कादंबरी म्हणजे नवी माणसं. त्यांची नावं लक्षात ठेवा, कोण कोणाचा मेहुणा ते ध्यानात घ्या, कोणावर विश्वास टाकायचा ते ठरवा, आणि शेवटी तोच लबाड निघाला की आपण मूर्ख ठरा. एवढी उस्तवार मला आता होत नाही. खरं सांगायचं तर तरुणपणीही होत नव्हती. दमलेल्या माणसाला ओळखीचं घर लागतं, जिथे अंधारातसुद्धा पाण्याचा तांब्या हाताला सापडतो.

लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं माझ्याकडे चारच कादंबऱ्या होत्या. एक जाडजूड ऐतिहासिक. तिच्यातल्या लढाया मी सोडून द्यायची आणि मुदपाकखान्यातल्या बायकांची बोलणी तेवढी वाचायची. एक विनोदी, ती दिवाळीच्या सुट्टीत. एक खुनाची. तिच्यातला खुनी कोण हे मला पहिल्या पानापासून ठाऊक असल्यामुळे त्या बिचाऱ्याची लपवाछपवी बघून त्याचीच कीव यायची. आणि चौथी, मी सातवीच्या परीक्षेत पहिली आले तेव्हा बक्षीस मिळालेली. घाटावरच्या एका नदीकाठच्या गावातल्या बाईची ती गोष्ट. लग्न होतं, नवरा दूर नोकरीला जातो, पत्रं येतात, मग यायची थांबतात, आणि बाई त्या घरात राबत राहते. बक्षीस देणाऱ्यांनी ती वाचलेली नसावी. वाचली असती तर तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिली नसती.

ही चौथी माझी लाडकी. पहिल्यांदा वाचताना आपण गोष्टीच्या मागे धावत सुटतो, आजूबाजूला काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्यांदा दिसायला लागतं. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत तर त्या घराच्या जिन्याची कुठली पायरी वाजते तेही आपल्याला कळतं. पुढचं पान उलटण्याआधी त्यावर काय आहे हे माहीत असण्यात केवढं सुख आहे, ते ज्याच्या आयुष्यात रोज काहीतरी न कळवता येऊन उभं राहतं त्यालाच समजेल. आमच्याकडे दशावताराला सगळं गाव जायचं ते काय गोष्ट माहीत नव्हती म्हणून? राक्षस मरणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं चटई घेऊन पुढची जागा धरायची. पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की तीच माणसं विचारायची, "वाचून झालेला ना? मगे?"

आमचं गाव तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून दोन-अडीच मैल आत. मालक कणकवलीला एका कचेरीत कारकून. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. घरात मी, सासूबाई आणि माझी दोन मुलं. धाकटे भाऊजी मुंबईला. मी गावच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेत दोन पाळ्या चालायच्या, माझी सकाळची. साडेअकराला चिखल तुडवत घरी यायचं, जेवणं आवरायची, भांडी, गोठा, मुलांचे कपडे. मग संध्याकाळचं सुरू. पंचविशीतच मी अशी थकलेली असायची की कोणी "कशी आहेस" विचारलं तर मला रडू येई. कोणी विचारतही नसे, ते बरंच होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात मी दुपारी दोन वाजता ही चौथी कादंबरी घेऊन बसले. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मुलगा झोपला होता, पाऊस धो धो लागला होता, आणि मला तासभर कोणाची सून, कोणाची आई आणि कोणाची बाई व्हायचं नव्हतं. मधल्या खोलीत जमिनीला ओल यायची म्हणून पाटावर बसले. शेणाने हात भरलेले, म्हणून आधी अंघोळ केली. पावसाळी दिवसांत भर दुपारी तिथे अंधार असे आणि रॉकेलच्या चिमणीचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून खोबरेल घालून पितळेचा दिवा लावला. पुस्तकाला बुरा येऊ नये म्हणून ते मी तांबड्या फडक्यात बांधून ठेवत असे. ते फडकं सोडलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. वाचताना माझे ओठ हलतात, ही लहानपणापासूनची खोड.

आता हे सगळं दारातून बघणाऱ्या माणसाला काय वाटेल? सासूबाईंना अक्षरओळख नव्हती आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यांना अंघोळ दिसली, पाट दिसला, दिवा दिसला, तांबडं फडकं दिसलं. आणि महिना श्रावणाचा. घरोघर पोथ्या निघायचा.

त्याच आठवड्यात शेजारची वहिनी काहीतरी मागायला आली. पडवीतून सासूबाईंचा दबका आवाज मला ऐकू आला. "हळू गो. सून पोथयेर बसली आसा. मगे ये." वहिनी पावलं न वाजवता परत गेली.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी पान उलटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, आणि तासभर मला कोणी हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढल्या वर्षी श्रावण लागताच सासूबाईंनीच पाट मांडून ठेवला. त्याच्या पुढल्या वर्षी दिव्याची वातही वळून ठेवली. श्रावण संपला तरी मी आठवड्यातून दोन-चार दिवस बसायची. तेव्हा पुस्तक दुसरं असे, पण फडकं तेच. त्यांना वाटे ह्या बाकीच्या लहान पोथ्या, श्रावणातली ती मोठी. विनोदी कादंबरीत एकदा मला हसू आवरेना, तेव्हा मी ते खोकल्यात नेलं. चौथीत नवऱ्याचं शेवटचं पत्र येतं त्या पानावर मी हमखास रडायची. सासूबाई शेजारपाजारी सांगत, "तिचो भाव बघ. डोळ्यांतसून पाणी गळता." बायका माझ्याकडे जरा मानाने बघायला लागल्या. शाळेतल्या हेडमास्तरांनीसुद्धा एकदा विचारलं, बाई, आपण कोणता ग्रंथ लावता? चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, घरातलाच आहे, जुना आहे. खोटं त्यातही नव्हतं.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. ह्या वर्षांत मी चौथी कादंबरी किती वेळा वाचली त्याची मोजदाद ठेवली नाही. त्या तासानंतर मी मधल्या खोलीतून बाहेर यायची तेव्हा न्हाणीतली हंडी भरलेली असे. सरपण चुलीशी आलेलं असे. संध्याकाळच्या आमटीचं वाटप, म्हणजे भाजलेलं खोबरं नि मसाला, पाट्यावर वाटून वाटीत झाकून ठेवलेलं असे. म्हैस पाणी प्यालेली असे. माझ्या मनात कधी आलंच नाही की ही कामं कोणी केली. झाली म्हणजे झाली. फार तर मी म्हणायची, सासूबाईंना एका जागी बसवत नाही, हौसच आहे त्यांना. आपण दमलेले असलो की दुसऱ्याचं दमणं दिसत नाही, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला तेही दिसत नव्हतं.

साठ साल उलटून गेल्यावरचा एक श्रावण. आषाढातच मुंबईहून पत्र आलं होतं. धाकटे भाऊजी आजारी होते, छातीचं दुखणं, इस्पितळात ठेवलं होतं. पत्र मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या उठल्या, नारळ घेतला आणि गावच्या देवळात गेल्या. गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं, म्हणजे देवासमोर आपलं मागणं मांडलं, आणि परत येऊन डोक्यावरचं इरलं उतरवायच्या आधी मला म्हणाल्या, "ह्या वरसाचा पारायण धाकल्याच्या नावान कर. मी देवाक सांगान इलंय."

म्हणजे त्या कादंबरीचंच पारायण. खरं सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मुलगा दीडशे कोसांवर इस्पितळात पडलेला, आणि ह्या बाईला धरायला दुसरं काही नव्हतं. मी हो म्हटलं.

त्या वर्षीचा श्रावण मी कधी विसरणार नाही. पुस्तक तेच, पाट तोच, पण वाचनातलं सुख पार गेलं. एरवी मी कंटाळवाणी पानं सोडून देत असे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला तेवढी सूट असते. ह्या खेपेला एक ओळ सोडायची हिंमत होईना. मी देव-देव करणारी बाई नव्हे. तरीही वाटे, ह्यातलं एक पान चुकलं आणि तिकडे भाऊजींना काही झालं तर? कादंबरीतला नवरा पत्र पाठवीनासा होतो त्या पानांवर तर मी घाम पुसत वाचायची. मनात म्हणायची, देवा, ही गोष्ट आहे, हिचा भाऊजींशी काही संबंध लावू नकोस. आणि दारापलीकडे विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर चाललेली असे. ती मी ऐकली, पण तिचा विचार केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. ताप उतरला होता, वजन वाढत होतं, महिन्या-दोन महिन्यांत घरी सोडणार होते. सासूबाई देवासमोर बसून खूप वेळ रडल्या. मीही रडले. सुटले, असं वाटलं मला.

पण सुटका कुठली? संध्याकाळी त्या शेजारून परत आल्या त्या उत्साहानेच. "देवान आयकल्यान. आता समाप्ती नीट करूक व्हयी. शेवटच्या सोमवारी पाच बायकांक सांगलंय. भटजींका पण सांगान धाडलंय. शेवटचो अध्याय ते वाचतले."

म्हणजे भटजी पाटावर बसणार, तांबडं फडकं सोडणार आणि पाच सवाष्णींसमोर पहिलं पान उघडणार. तोंडघशी पडायला मला चार दिवस उरले होते. तीन दिवस मी काहीतरी होईल म्हणून गप्प राहिले. पूर येईल, भटजी आजारी पडतील. काहीही झालं नाही. रविवारी दुपारी मी पाटावर बसले, फडकं सोडलं, पुन्हा बांधलं आणि मागच्या दारी गेले. मालक मुलांना घेऊन कुणाकडे गेले होते. सासूबाई विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या.

"आई, ही पोथी नाय."

त्यांनी कळशी पायरीवर ठेवली. "मगे काय?"

"गजाल आसा. एका बायलेची. कोणीतरी मनान लिवलेली. देवाचा नाव नाय तेच्यात."

"आणि बाकीची?"

"ती पण तशीच."

गजाल म्हणजे गप्पागोष्टी, माणसं फावल्या वेळी पायरीवर बसून करतात त्या. सासूबाई खाली बसल्या. मला वाटलं, आता देवाच्या रागाचं काहीतरी बोलतील. भाऊजींच्या जिवाशी खेळलीस म्हणतील. मी तयारीत होते. त्या बराच वेळ पदराने मान पुसत राहिल्या.

"इतकी वरसा तू कोणासाठी वाची होतंस?" त्यांनी विचारलं.

"माज्यासाठी."

"मगे मी कोणासाठी पाणी काढी होतंय?"

एवढंच विचारलं. आवाजात रागही नव्हता. त्या मग उठल्या, कळशी उचलली आणि आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले. अकरा वर्षं हंडी भरलेली कशी असायची, ते मला त्या पायरीवर कळलं. घरासाठी पुण्य जोडणाऱ्या सुनेचा तास मोडू नये म्हणून ती म्हातारी माझ्या वाटणीचं पाणी ओढत होती, माझ्या वाटणीचं वाटप वाटत होती. आणि मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी सासूबाई पुन्हा देवळात गेल्या. देवाला काय सांगितलं, मला कळलं नाही. चुकलं-माकलं पदरात घे म्हणाल्या असतील. पण देवाची समजूत घालणं सोपं होतं, पाच बायकांची आणि भटजींची कशी घालायची? परत येताना त्या घरोघर थांबल्या आणि सगळीकडे एकच सांगून आल्या, "सुनेक कावळो शिवलो. समाप्ती आता होवची नाय."

घरी आल्यावर मला म्हणाल्या, "चार दिस पडवेत बस. शेजारणी बघतली."

त्या काळी घराघरांत विटाळाचे चार दिवस पाळले जात. मी शाळेत जात असे, तिथे कोणी विचारत नसे, पण घरात कशाला शिवायचं नाही. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. खरं तर त्या दिवसांची मी एरवी वाटच बघायची, कारण तेवढंच अंग टेकायला मिळे. ह्या खेपेला मी धडधाकट, खोटी बाहेरची होऊन बसलेली. कुंपणापलीकडे शेजारची वहिनी दर तासाला डोकावत होती, त्यामुळे उठून हात लावायची सोय नव्हती. मालकांनाही हेच सांगितलं होतं. ते सोमवारी पहाटे निघून गेले.

चार दिवस मी बघत बसले. दुसरं काम नव्हतं आणि पुस्तक आत राहिलं होतं. सकाळी शाळेत जायच्या आधी बघायची, परत आल्यावर बघायची. सासूबाई उंबरा ओलांडताना चौकटीला हात लावून पायरी चाचपतात, हे मला तेव्हा दिसलं. एका डोळ्याने त्यांना खाली नीट दिसत नव्हतं. दोर ओढताना उजवा खांदा वर जात नाही, म्हणून त्या डाव्या हाताने ओढतात आणि उजव्याने नुसता धरतात. वाटप वाटताना मधे थांबतात, वरवंट्यावर दोन्ही हात ठेवून श्वास घेतात. हे सगळं माझ्या घरात, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे, दुपारी दोन ते तीन चाललेलं. मी तेव्हा नदीकाठच्या त्या बाईच्या कष्टांसाठी डोळे पुसत असायची.

त्या मला वाढायच्या, ताट लांबून सरकवायच्या. बोलणं कामापुरतं. मी एकदा म्हटलं, "आई, माका माफ करा." त्या म्हणाल्या, "भात घे आजून."

पाचव्या दिवशी मी न्हाले. दुपारी दोन वाजले. पाट भिंतीला टेकवलेला होता, त्यांनी मांडला नव्हता. त्या कळशी घेऊन निघाल्या तशी मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"तुमी बसा."

"बसान काय करू?"

"काय नाय. बसान रवा."

पाणी घेऊन मी परत आले तर त्या मागच्या पडवीत खांबाशी उभ्याच होत्या. मी त्यांना पाट दिला. बसल्या, आणि दोन मिनिटांत उठून सरपण बघायला गेल्या. मी परत आणून बसवलं. त्यांना रिकामं बसता येत नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते कळेना, तेव्हा पदराची दोरी वळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी दमून जायची. सकाळची शाळा, मग हे सगळं. दुपारचा तास गेल्यामुळे दिवसाला कुठे खिडकीच उरली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला माझ्या पुस्तकाची आठवण येऊन चीड यायची. ती त्यांच्यावर काढता येत नव्हती, म्हणून मी खोबरं जोरात वाटायची.

भाद्रपद अर्धा सरला असेल. मी वाटत होते, त्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

"ती बायल कोण गो?" त्यांनी विचारलं.

"खंयची?"

"तुज्या पोथयेतली."

पोथी नव्हे हे माहीत असूनही त्या पोथीच म्हणत राहिल्या, शेवटपर्यंत. माझे हात मसाल्याने भरलेले. आत जाऊन पुस्तक आणून वाचून दाखवणं शक्य नव्हतं. म्हणून मी नुसतं सांगायला लागले. आणि सांगता सांगता ध्यानात आलं की पुस्तकाची गरजच नव्हती. नदीला पूर आलेला, घाटाच्या सहा पायऱ्या पाण्याखाली, नवी नवरी होडीतून उतरते आणि तिचा पाय पहिल्यांदा सासरच्या चिखलात पडतो. वाक्यामागून वाक्य तोंडात येत गेलं. इतक्या वेळा वाचलेलं, ते सगळं हातात राहिलं होतं. तीन वाजले तेव्हा मी लग्नाच्या जेवणापर्यंत आले होते.

"फाल्यां पुढचा सांग," सासूबाई म्हणाल्या. फाल्यां म्हणजे उद्या.

मग रोज. मी वाटायची, निवडायची, भांडी घासायची, आणि सांगायची. त्या ऐकायच्या. पुस्तकातल्या सासूचा त्यांना राग येई. नवरा बोटीत बसला तेव्हा म्हणाल्या, "हो परत येवचो नाय." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "जातना मागे बघल्यान नाय." ते वाक्य पुस्तकात होतं, मी कितीदा वाचलं होतं, आणि मला दर वेळी वाटे की घाईत राहून गेलं असेल बिचाऱ्याचं. एकदा मी फार थकले होते. दिवाणखान्याच्या रंगकामाची दोन पानं गाळून पुढे गेले. त्या म्हणाल्या, "मधला कायतरी रवला." मी मागे जाऊन रंगकाम सांगितलं, एकेक भिंत करून. आणि मला ते पहिल्यांदा आवडलं.

गोष्ट दिवाळीनंतर संपत आली. नवरा परत येत नाही. सासू मरते, घर दिरांच्या वाटणीला जातं. बाई एका शाळेत मुलींना शिवण शिकवायला लागते आणि नदीकडेला एक खोली घेते. शेवटच्या प्रकरणात ती पहिल्यांदा त्या खोलीला स्वतः कुलूप लावते, किल्ली कमरेला खोचते आणि घाटावर जाऊन बसते. संपलं.

मी वरवंटा धुवायला घेतला.

"खोली केदी होती?"

"ल्हानशीच. एक खिडकी. नदीच्या बाजूक."

"आणि काय होता तेच्यात?"

मी सांगितलं. एक खाट, पत्र्याची पेटी, शिवणाचं मशीन, पाण्याचं मडकं, खुंटीवर दोन लुगडी. मला तोंडपाठ होतं.

"चूल होती?"

मला आठवेना. तेराव्या वर्षापासून वाचत आले होते, पण त्या खोलीत चूल आहे की नाही, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. उगाच काहीतरी सांगावं असं वाटलं, पण आता त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. मी हात धुतले, पुसले, आत जाऊन तांबडं फडकं सोडलं आणि ते पान दारापाशी उजेडात घेऊन आले. दोनदा वाचलं. मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाय, आई. चूल नाय. खंयच लिवलेली नाय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खांबाला डोकं टेकलं आणि दोन्ही हात, काही न वळता, मांडीत मोकळे ठेवले.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "आता परत पयल्यापासून सांग."